कामावरचा रेडिओ

दिवाळी झाली की आपल्या नंदुरबार जिल्ह्यातली पुष्कळ माणसे कामासाठी बाहेर पडतात. धडगावची, अक्कलकुव्याची, तळोद्याची, नवापूरची. कोणी ऊसतोडीला जातो, कोणी सुरतेकडे इमारतींच्या कामावर. होळीला परत येतात. येताना एखाद्याच्या पिशवीत रेडिओ असतो. तो बहुधा मुका झालेला असतो. आम्ही विचारतो, "काय झाले हो याला?" उत्तर ठरलेले. "वाळू गेली गुरुजी." नाहीतर, "परांचीवरून पडला."

मग तो रेडिओ वाईट होता का? तसे नाही. तो घरातल्या फळीवर ठेवण्याचा होता, कामावर नेण्याचा नव्हता. कामावरचा रेडिओ कसा पारखावा ते आज पाहू या.

आधी एक शंका. आमच्या वर्गात एक गवंडी येत असे. तो म्हणाला, "खिशात मोबाईल आहे, मग रेडिओ कशाला?" प्रश्न बरोबर आहे. पण पुष्कळ मोबाईलवर रेडिओ ऐकायचा तर कानात वायर घालावी लागते. ती वायरच एरियलचे काम करते. आणि कामावर कान बुजवून कसे चालेल? वरून फळी सुटली, मुकादम "सरका!" म्हणून ओरडला, ट्रक मागे येऊ लागला, तर ते आधी कानाला कळते. रेडिओ मध्ये ठेवला की चारचौघे ऐकतात आणि कानही मोकळे राहतात. मोबाईलची बॅटरी घरी बोलायला शिल्लक राहते, ते वेगळेच.

दुसरे कारण पावसाचे. हल्ली बांधकामे पावसाळ्यातही चालतात. मजुरांच्या झोपड्या पुष्कळदा नाल्याच्या काठी असतात, कारण पाणी जवळ पडते. ऑगस्ट २०१८ मध्ये नवापूरला रंगावली नदीला केवढा पूर आला, ते तिकडच्या लोकांना सांगायला नको. घरे पडली, माणसे दगावली. हवामान खाते पावसाचा इशारा रंगांनी देते. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे आता हालचाल करा. मोबाईलचा टॉवर बंद पडला तरी सेलवरचा रेडिओ वाजतो. लाल इशारा ऐकला की गाठोडे बांधावे आणि उंचावर जावे.

आता दुकानात चला. रेडिओ हातात घेऊन हळूच हलवा. आत काही खडखडले तर तो परत ठेवा. कडा जाड आहेत का, कोपऱ्यांना रबर आहे का, ते पाहा. धरायला मजबूत मूठ हवी. बटणे मोठी असावीत, सिमेंटने भरलेल्या बोटांनीही फिरतील अशी. वर ओढायची एरियलची काडी नीट पाहा. कामावर पहिल्यांदा मोडते ती हीच. मिटवल्यावर ती खाचेत आत बसत असेल तर उत्तम.

मग खोके वाचा. आता तुम्हाला वाचता येते, तेव्हा लाजू नका. खोक्यावर काही वेळा "आयपी" अशी दोन इंग्रजी अक्षरे आणि पुढे दोन आकडे असतात. समजा, ५ आणि ४. पहिला आकडा धुळीचा. तो ६ पर्यंत असतो. ५ म्हणजे थोडी धूळ शिरली तरी काम अडत नाही. ६ म्हणजे धूळ आत जातच नाही. दुसरा आकडा पाण्याचा. ४ म्हणजे चहूकडून उडालेले पाणी सोसते. ५ म्हणजे नळीची धारही सोसते. आकड्याच्या जागी इंग्रजी एक्स हे फुलीसारखे अक्षर असेल, तर त्या बाबतीत परीक्षा नोंदलेली नाही असे समजा. खोके इंग्रजीत असले तर दुकानदाराकडून बोट ठेवून वाचून घ्या. "वॉटरप्रूफ आहे हो" एवढ्या बोलण्यावर पैसे देऊ नका.

बाहेरदेशी गवंडी-सुतारांसाठी खास रेडिओ मिळतात. भोवती रबराचा पिंजरा असतो आणि ड्रिल मशीनची बॅटरीच त्याला चालते. ते महाग पडतात. आपण साधा पण दणकट रेडिओ घ्यावा आणि कोपऱ्यांना सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या बांधाव्या. वाळूच्या ढिगाऱ्यावर मात्र कोणताही रेडिओ ठेवू नये. बारीक वाळू आवाजाच्या बटणात गेली की खरखर सुरू होते, ती पुढे थांबत नाही.

केंद्र लागते की नाही हे दुकानाबाहेर येऊन पाहा. एफ. एम. चा आवाज स्वच्छ असतो. मिक्सरची मोटर किंवा वेल्डिंग जवळ असले तरी तो फारसा बिघडत नाही. पण या लहरी सरळ जातात, मध्ये सातपुड्याचा डोंगर आला की अडतात. मीडियम वेव्ह जमिनीलगत लांब जाते, रात्री तर आणखी लांबची केंद्रे लागतात. तिला मोटरची खरखर मात्र फार. तिची एरियल रेडिओच्या पोटातच असते. म्हणून काडी न ओढता सगळा रेडिओच फिरवून पाहावा. अलीकडे मीडियम वेव्हची बरीच प्रक्षेपणे बंद झाली आहेत. म्हणून जिथे कामाला जाणार तिथे काय ऐकू येते, हे आधी गेलेल्या माणसाला विचारा. पत्र्याच्या खोलीत आवाज कमी येतो, तेव्हा रेडिओ दाराशी ठेवा.

वीज कशाची, हेही पाहा. चार्जिंगचा रेडिओ स्वस्त पडतो. पण कामावर काही जण सॉकेटमध्ये उघड्या तारा काडीने खोचतात. ओली जमीन, अनवाणी पाय आणि अशी तार! गाण्यासाठी जीव घालवू नका. नीट पिन नसेल तिथे सेलवरचाच रेडिओ बरा. दोन्हींवर चालणारा मिळाला तर तो घ्यावा. आपल्याकडचे ऊन चाळीस अंशांवर जाते, तेव्हा चार्जिंगचा रेडिओ पत्र्याखाली तापत ठेवू नये.

क्रेनने माल उचलताना आणि स्लॅब भरताना रेडिओ बंद. यावर मुकादमाशी वाद घालू नका. तो बरोबर आहे.

बिल घ्या. त्यावर तारीख, रेडिओचा नंबर आणि हमीची मुदत लिहिली आहे का, ते स्वतः वाचा.

आमची एक चूक सांगतो. शाळेची नवी खोली बांधत होते, तेव्हा आम्ही घरचा रेडिओ गवंड्यांना ऐकायला दिला होता. जळगावचे आकाशवाणी केंद्र १९७६ साली सुरू झाले. ते त्यावर छान लागे. गवंड्यांनी त्याला जपले. काम संपल्यावर पुसून परत दिला. आम्ही तो तसाच पेटीत ठेवला आणि उन्हाळ्याची सुट्टी गेली. शाळा उघडताना पाहतो तो सेल फुटून पाणी सुटलेले, आतल्या पट्ट्या हिरव्या पडून गंजलेल्या. वाळूने, पावसाने जे केले नाही ते आमच्या आळसाने केले. होळीला घरी आलात की रेडिओचे सेल काढून वेगळे ठेवा.