आधी रोजचा आवाज मोजा

ठाण्याच्या वर्तकनगरातल्या मुलांना आवाजावर प्रकल्प करावासा वाटला तर नवल नाही. नाक्यावर रिक्षांचे भोंगे, पोखरण रोडवरची वाहतूक आणि भाद्रपदात ढोल-ताशे. आमच्या वसाहतीतल्या नववीच्या मुलांनी राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेसाठी हाच विषय घेतला, ‘गणेशोत्सव आणि ध्वनिप्रदूषण’. दहा ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी १९९३ पासून भरणारी ही परिषद. मी निवृत्त विज्ञान शिक्षिका, म्हणून ‘बाई, जरा नजर टाका ना’ म्हणत मुलं माझ्याकडे आली. पण आली ती विसर्जन उरकल्यावर. तोवर रंगीत आलेख काढून झाले होते आणि मुखपृष्ठावर बाप्पाचं चित्रही चिकटवलं होतं.

जिल्हा फेरीत परीक्षकांनी साधाच प्रश्न विचारला, “एरवी याच जागी आवाज किती असतो?” मुलं एकमेकांकडे पाहत राहिली. मिरवणुकीचा आवाज त्यांनी रात्र जागून मोजला होता. साध्या मंगळवारचा मोजलाच नव्हता. आधीचा आकडा नाही, तर वाढ किती झाली हे सांगणार कसं? आणि गणपती तर आता पुढच्या वर्षी.

शोधनिबंध फसतो तो असा, लिहायला बसण्याच्या कितीतरी आधी. म्हणून आता जी मुलं येतात त्यांना मी आधी कॅलेंडर आणायला सांगते. प्रकल्प सादर करायच्या तारखेपासून उलटं मोजत यायचं. लेखनाला दोन आठवडे, आकडेमोडीला एक, मोजणीला सणाचे दिवस आणि त्याच्या आधीचे साधे दिवस. हे बसत नसेल तर विषय बदलायचा.

पुढची पायरी प्रश्नाची. ‘ध्वनिप्रदूषण’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. ‘वर्तकनगर नाक्यावर रात्री नऊ ते दहा या वेळात विसर्जनाच्या दिवशी आवाज एरवीपेक्षा किती वाढतो?’ हा प्रश्न. यात जागा आहे, वेळ आहे, तुलना आहे. काय मोजायचं ते प्रश्नच सांगतो.

मग वाचन. फोनवर फिरत आलेली बातमी म्हणजे संदर्भ नव्हे. २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम मुळातून वाचा. निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, शांतता क्षेत्रासाठी ५० आणि ४०. दिवस म्हणजे सकाळी सहा ते रात्री दहा. ठाण्याच्याच डॉ. महेश बेडेकरांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सविस्तर निकाल दिला, तोही शिक्षकांच्या मदतीने चाळा. १८९३ पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय ठाण्यातच आहे. तिथे गेलात की ग्रंथपालांना विषय सांगू नका, प्रश्न सांगा. आणि वाचतानाच लेखक, शीर्षक, वर्ष, पान टिपून ठेवा. नंतर शोधू म्हणाल तर निम्मे संदर्भ हाती लागत नाहीत.

मोजणीच्या आधी साधन तपासा. मी तीन मुलांचे फोन टेबलावर शेजारी शेजारी ठेवायला लावते, तिन्हींवर आवाज मोजणारं एकच अ‍ॅप, आणि मिक्सर चालू करते. तिन्हींवर वेगवेगळे आकडे येतात, मुलांचे चेहरे पडतात. पण त्यातूनच मार्ग निघतो. एकच फोन, एकच जागा, एकच उंची, एकच वेळ ठेवली तर दोन दिवसांतला फरक बऱ्यापैकी भरवशाचा मिळतो. त्या आकड्यावरून ‘कायदा मोडला’ असं मात्र लिहू नका. त्यासाठी प्रमाणित यंत्र लागतं.

नोंदवही जागेवरच भरा. तारीख, वेळ, पाऊस, बंद पडलेला सिग्नल, मध्येच गेलेली रुग्णवाहिका, सगळं. खाडाखोड असू द्या. वही नंतर सुवाच्य अक्षरात उतरवून काढली की नेमक्या याच नोंदी गळतात.

आकडेमोडीतही एक खड्डा आहे. ५५ आणि ७५ डेसिबलची सरासरी ६५ नव्हे. दहा डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची तीव्रता दहापट होते, त्यामुळे दोन्ही आवाज सारखाच वेळ चालले तर सरासरी ७२ च्या आसपास येते. लॉगॅरिदम शिकलेला नसेल तर सरासरी काढूच नका. सर्वांत कमी, सर्वांत जास्त आणि मधला आकडा द्या.

लिहायला बसाल तेव्हा प्रस्तावनेपासून सुरुवात नको. आधी पद्धत लिहा, कारण ती तुम्हाला पाठ असते. मग निरीक्षणं, त्यावरची चर्चा, निष्कर्ष. प्रस्तावना त्यानंतर आणि सारांश सर्वांत शेवटी. काय मोजता आलं नाही, हेही एका परिच्छेदात सांगा. परीक्षकांनी विचारण्याआधी तुम्ही सांगितलेलं बरं. पालकांनी चहा द्यावा, सोबत नाक्यावर उभं राहावं, वाक्यं मात्र मुलांचीच असू द्यावीत. तोंडी प्रश्नांना उत्तरं शेवटी मुलांनाच द्यायची असतात.

आणि उत्तर मनासारखं आलं नाही तर ते वळवू नका. नाक्यावरचा रोजचाच आवाज इतका निघाला की मिरवणुकीने त्यात फारशी भर घातली नाही, तर निबंधाचा निष्कर्ष तोच. तो सण सरल्यावरही वर्षभर नाक्याला लागू राहील.