ऊन दाखवल्याने वास जातो, विष नाही

पावसाळा लागला की दवाखान्यात एक वाक्य हमखास कानावर येतं. "डॉक्टर, जरा कुबट वास येत होता, पण दोन उन्हं दाखवली. आता काही नाही." विषय कधी आमसुलांचा असतो, कधी तिरफळांचा, कधी जांभळाच्या बियांच्या पुडीचा. पुडीचं नाव निघालं की माझा पारा चढतो.

फळाचा सुगंध म्हणजे सहज उडून जाणारी द्रव्यं. फळ वाळताना पाण्याबरोबर तीही उडतात, म्हणून सुकलेल्या करवंदाला ताज्याचा घमघमाट नसतो. तिरफळाचा वास सालीतल्या तेलात असतो. तो बराच टिकतो, म्हणून बी टाकून आपण साल ठेवतो. साखर, मीठ आणि आंबटपणा मात्र उडत नाहीत.

कुबट वासाचंही तेच. तोही उडणाराच, त्यामुळे उन्हात जातो. पण काही बुरशी जे विष मागे ठेवतात, ते उडत नाही. त्यातल्या अफ्लाटॉक्सिनला ना वास असतो ना चव, आणि घरच्या शिजवण्या-भाजण्यानेही ते पुरतं जात नाही. १९७४ साली गुजरात-राजस्थानच्या सीमेवरच्या आदिवासी गावांत पावसात भिजून बुरसलेला मका खाल्ल्याने शंभरावर माणसं दगावली. शेंगदाणे, मिरची, सुकं अंजीर यांनाही हा धोका आहे. जांभूळ तर पिकतंच पावसाच्या तोंडावर. बिया नीट वाळायच्या आत आभाळ भरून येतं, आणि अर्धवट सुकलेला माल डब्यात जातो.

मध्यंतरी एक निवृत्त गुरुजी आले. रात्री चार-पाच वेळा लघवीला उठायचे, घसा सतत कोरडा, वजन उतरलेलं. साखर चारशेच्या वर! मोबाइलवर आलेला संदेश वाचून त्यांनी मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या होत्या आणि त्याऐवजी रोज जांभळाच्या बियांची चमचाभर पूड चालू होती. वर बाटली माझ्या नाकापुढे धरून म्हणाले, "वास घ्या, अस्सल आहे." गुरुजी, तुमचं नाक साखर मोजत नाही, विषही ओळखत नाही. शिवाय वय वाढलं की वासाची जाण मंदावते, ते वेगळंच. गोळ्या पुन्हा सुरू केल्या आणि साखर आटोक्यात आली. पुडीचा आग्रह धरणारा तो संदेशवाला मात्र त्यांची साखर तपासायला फिरकला नाही.

घाबरून रानमेवा सोडू नका. नीट वाळलेली, हवाबंद बरणीतली आमसुलं खुशाल वापरा. फक्त रक्तदाब असेल तर लक्षात ठेवा, ती करताना मीठ लागतं. सारात वरून मीठ घालण्याआधी चव घ्या. मधुमेह असेल तर जांभळाचा सुकवलेला गर मुठीने खाऊ नका. ताज्या जांभळात सुमारे ८० टक्के पाणी असतं. ते गेलं की फळ आक्रसतं, पण साखर तेवढीच राहते. मूठभर सुका गर म्हणजे बरीच जांभळं.

काही लक्षणं मात्र घरी काढू नका. अतोनात तहान, उलट्या, जोरजोरात श्वास आणि गुंगी ही मधुमेह्याची तातडीची खूण आहे. डोळे पिवळे होणं, पोट फुगणं, लघवी गडद होणं ही बुरशीच्या विषाने बिघडलेल्या यकृताची तक्रार असू शकते. बाजारचा सुका मेवा खाल्ल्यावर छातीत घरघर सुरू झाली, तर तो टिकवायला वापरलेल्या गंधकाच्या द्रव्याने दमा उफाळलेला असू शकतो. पाकिटावरचा मजकूर वाचा. ओठ-जीभ सुजली तर थेट रुग्णालय गाठा.

बुरशी दिसली किंवा कुबट वास आला, तर वरचा भाग खरवडून बाकीचं ठेवू नका, सगळं फेका. ऊन दाखवायचं ते माल साठवण्याआधी, बिघडल्यावर नाही. आणि गोळी बंद करायची असेल, तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा.