जुना ट्रॅक्टर घेताना

झरी जामणीकडची काळी जमीन पावसात चाक गिळते. तिथं नुसती अश्वशक्ती पाहून कर्ज काढू नये. आम्ही आधी सुटे भाग पाहतो. पिंजोरचा एचएमटी दणकट खरा, पण तो ट्रॅक्टर कारखाना बंद करण्याचा निर्णय २०१६ साली झाला. भाग कुठं मिळतात ते आधी विचारा. स्वराज १९७४ साली आला, २००७ मध्ये महिंद्राकडे गेला, तरी अजून निघतो. छाप कोणतीही असो, एअर क्लीनर उघडाच. तेलाचा गाळ झाला असेल, तर धूळ इंजिनात गेली असणार. गिअरपेटीचं तेल दुधी दिसलं, तर पाणी शिरलंय. मालक मग कितीही भाव पाडो, उठून यावं.