२४ डिसेंबर, दुपारी दोननंतर

न्यूर्नबर्गच्या मुख्य चौकात, हाउप्टमार्क्टवर, आम्ही पोचलो तेव्हा दुपारचे सव्वातीन झाले होते. तारीख २४ डिसेंबर २०२३, वार रविवार. दोन माणसं शिडीवर चढून एका लाकडी दुकानावरचं लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं कापड उतरवत होती. खाली उभ्या असलेल्या बाईंनी ते झेललं, टोकाला टोक जुळवून चादरीसारखी घडी घातली आणि पेटीत ठेवलं. बाकीच्या दुकानांच्या फळ्या लागलेल्या होत्या. दालचिनीचा आणि भाजलेल्या बदामांचा वास तेवढा हवेत राहिला होता. ज्या बाजारासाठी सांगलीहून निघालो, तो दुपारी दोन वाजता संपला होता, आणि तोही वर्षभरासाठी.

कॉलेजात असताना पुण्याच्या मॅक्समुलर भवनात मी दोन वर्षं जर्मन शिकले. पुस्तकात या क्रिस्टकिंडल्समार्क्टचं एक चित्र होतं, तेव्हापासून तो बघायचं मनात होतं. नोव्हेंबरात हे निवृत्त झाले आणि आम्ही ठरवलं, जायचं तर ऐन नाताळातच. दिवाळी बघायला येणाऱ्या पाहुण्याला आपणही तेच सांगू. आपल्याकडे सण तोंडावर आला की बाजार फुलतो. लक्ष्मीपूजनाच्या दुपारीसुद्धा झेंडू आणि बत्तासे घ्यायला गेलं तर पाय ठेवायला जागा नसते. जर्मनीत नेमकं उलट आहे. तिथला बाजार हा सणाआधीच्या चार आठवड्यांचा, ॲडव्हेंटचा. प्रत्यक्ष सण लागला की बाजार मिटतो, माणसं घरी जातात आणि दार लावून घेतात. एवढी एक गोष्ट आधी कळली असती तर आमची सहल वेगळी झाली असती. दर हिवाळ्यात आपल्याकडची कितीतरी जोडपी तीच तिकिटं काढताना दिसतात, म्हणून हे लिहायला बसले.

बाजारच बघायचे असतील तर डिसेंबरचे पहिले दोन आठवडे धरा आणि शनिवार-रविवारची गर्दी टाळा. न्यूर्नबर्गचा बाजार ॲडव्हेंटच्या पहिल्या रविवारआधीच्या शुक्रवारी उघडतो. ड्रेस्डेनचा श्ट्रीत्सेलमार्क्ट १४३४ पासूनचा आहे, तोही २४ तारखेलाच आटोपतो. बर्लिनमधले काही बाजार नाताळानंतरही चालू असतात, पण त्यांच्या भरवशावर बाकी देशाचा बेत आखू नका. जवळ रोख युरो ठेवा. गरम वाइन किंवा मुलांसाठीचं बिनदारूचं गरम पेय चिनी मातीच्या कपात देतात आणि कपाची अनामत वेगळी घेतात. कप परत केला की पैसे परत.

आता दुकानांचं. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात, हे ऐकून बहुतेकांना माहीत असतं. पण ही नुसती रूढी नाही. रविवार आणि सणाचे दिवस विश्रांतीचे म्हणून राखले जातील, हे १९१९ च्या वायमार संविधानातलं १३९ वं कलम आजच्या राज्यघटनेतही कायम ठेवलेलं आहे. २५ आणि २६ डिसेंबर, दोन्ही दिवस सार्वजनिक सुट्टी. २४ ला एरवी दुपारपर्यंत दुकानं उघडी असतात, पण त्या वर्षी २४ तारीखच रविवारी आली. म्हणजे शनिवारी रात्री शटर पडलं ते थेट बुधवारी सकाळी वर जाणार. आम्ही उतरलो रविवारी सकाळी.

त्यातून आमची मोठी बॅग आली नाही. म्युनिकच्या विमानतळावर सामानाचा पट्टा फिरून फिरून थांबला आणि आम्ही दोघं रिकाम्या ट्रॉलीजवळ उभे होतो. वाटेत विमान बदललं होतं, तिथे बॅग राहिली. या बाबतीत एक गोष्ट आम्ही बरोबर केली, ती सांगते: विमानतळ सोडण्यापूर्वी काउंटरवर जाऊन लेखी तक्रार नोंदवली आणि तिचा नंबर घेतला. बाहेर पडल्यावर कुणी विचारत नाही. बॅग उशिरा मिळाली तर ती हातात आल्यापासून २१ दिवसांच्या आत भरपाईचा लेखी अर्ज करता येतो. मॉन्ट्रियल कराराचा तसा नियम आहे आणि भारतही त्या करारात आहे. मधल्या काळात घेतलेल्या कपड्यांच्या, साबणाच्या, सगळ्याच्या पावत्या जपून ठेवायच्या.

पण त्या बॅगेत ह्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. महिनाभराच्या. अंगावरच्या कोटाच्या खिशात प्रवासापुरती म्हणून ठेवलेली अर्धी पट्टी, आणि तिच्यात आता एकच गोळी.

संध्याकाळी साडेचारला काळोख झाला होता. खोलीवरून निघून आम्ही कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापाशी गेलो. आपोटेके म्हणतात तिकडे, बाहेर लाल रंगाचं मोठं ए अक्षर असतं. दुकान बंद; पण दारावर त्या रात्री कुठलं दुकान पाळीवर आहे त्याचा कागद होता. पंधरा मिनिटं चाललो. फुटपाथवर बर्फ वितळून पुन्हा गोठलेला, हे माझा दंड धरून चालत होते, की मी त्यांचा, ते आता सांगता येणार नाही. पाळीवरच्या दुकानाचंही दार बंदच होतं. बाजूला घंटा होती. ती दाबल्यावर काचेतली एक लहान खिडकी उघडली आणि पांढऱ्या कोटातल्या बाई वाकून बघू लागल्या.

मी अर्धी पट्टी आत सरकवली. त्यांनी ती दिव्याखाली धरली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. आपल्याकडे केमिस्ट दहाची पट्टी कात्रीने कापून पाच देतो, हे आपण सगळे रोज बघतो. आमच्या वाट्याला आलेल्या अर्ध्यावर कंपनीने ठेवलेलं नाव होतं. आत कुठलं औषध, किती मिलिग्रॅम, हे सगळं दुसऱ्या अर्ध्यावर राहिलं होतं. भारतातलं ते नाव त्या बाईंच्या ओळखीचं असण्याचं कारणच नव्हतं. त्या शांतपणे म्हणाल्या, औषध कळलं तरी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देता येणार नाही. मग त्यांनी कागदावर मोठ्या आकड्यांत ११६११७ लिहून दिलं.

हा नंबर पाठ करून ठेवा. जिवावरचं काही असेल तर ११२. पण जिवावरचं नाही आणि थांबताही येत नाही, अशा वेळी सुट्टीच्या दिवशी पाळीवरचा डॉक्टर ११६११७ वर मिळतो. माझं तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचं जर्मन त्या फोनवर कामी आलं. सांगलीच्या आमच्या डॉक्टरांना मी मेसेज केला होता. तिथे तेव्हा रात्रीचे दहा वाजत आले होते, हिवाळ्यात आपण साडेचार तास पुढे असतो. त्यांनी पाच मिनिटांत ह्यांच्या औषधांची मूळ नावं आणि मात्रा इंग्रजीत टाइप करून पाठवली. दवाखान्यात दीड तास बसलो. डॉक्टरांनी ह्यांचा दाब मोजला, १७० वर १००, माझ्या फोनमधलं वाचलं आणि चिठ्ठी लिहिली. पुन्हा त्याच खिडकीपाशी. सुट्टीच्या पाळीचे म्हणून अडीच युरो जास्तीचे, आणि गोळ्या हातात. हे म्हणाले, “अगं, आता तरी जरा हस.” मला रडू आलं.

आपल्याकडे पॅरासिटामॉल किराणा दुकानातही मिळते. जर्मनीत तीसुद्धा फक्त आपोटेकेत. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय नाही म्हणजे नाही, आणि आपल्या डॉक्टरांची चिठ्ठी तिथे चालेल असं धरून जाऊ नका. म्हणून कळकळीने सांगते: सगळी औषधं हातातल्या बॅगेत, निम्मी एकाच्या आणि निम्मी दुसऱ्याच्या. पट्ट्या अख्ख्या घ्या, कापलेल्या नकोत. डॉक्टरांकडून मूळ नाव, मात्रा आणि आजार लिहिलेलं टाइप केलेलं इंग्रजी पत्र घ्या, त्याचा फोटो दोघांच्या फोनमध्ये ठेवा. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच, पण व्हिसापुरती पॉलिसी घेऊन वाचायची नाही असं करू नका. आधीपासून असलेल्या आजाराबद्दल तिच्यात काय लिहिलंय ते ओळीओळीने वाचा.

खाण्याचं फार लिहीत नाही. भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी त्याच बॅगेत होतं. हातातल्या पिशवीत राजगिऱ्याची चिक्की होती, ती पुरवली. मोठ्या रेल्वे स्थानकांत ब्रेड, दूध, फळं विकणारी काही दुकानं सुट्टीलाही उघडी असतात, आणि तुर्की मंडळींची खानावळ बहुधा सापडतेच. फलाफल मागा, शाकाहारी असतं. नेताना एक लक्षात ठेवा, दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघाबाहेरून आणायला बंदी आहे. पेढे, खवा, श्रीखंडाच्या वड्या घरीच राहू द्या.

त्या रात्री गोळी घेऊन परत येताना सेंट लोरेन्झ चर्चच्या घंटा सुरू झाल्या. दारं उघडी होती. आम्ही मागच्या बाकावर बसलो. कोणी विचारलं नाही, तुम्ही कोण. शेजारच्या आजींनी त्यांच्या हातातलं गाण्यांचं पुस्तक माझ्याकडे सरकवलं आणि ओळीवर बोट ठेवलं. ऑर्गन वाजू लागला तेव्हा बाकाच्या लाकडातून तो पाठीला जाणवत होता. २४ च्या संध्याकाळी त्या देशात परक्या माणसाला उघडं असलेलं दार हेच. सगळी सहल पुन्हा आखायची झाली तर हे मी जसंच्या तसं ठेवीन. फक्त प्रार्थना चालू असताना फोटो काढू नका.

२७ ला आम्ही म्युनिकला गेलो. दोघांनी फिरायला बायर्न-टिकेट सोयीचं: बायर्न राज्यातल्या साध्या गाड्या, शहरातल्या ट्राम-बस, सगळं एका दिवसाच्या तिकिटात. मात्र आठवड्याच्या दिवशी ते सकाळी नऊनंतरच चालतं, वेगवान आयसीई गाड्यांना चालत नाही, आणि त्यावर प्रवास करणाऱ्यांची नावं लिहावी लागतात. तिथून नोयश्वानश्टाइनचा किल्ला बघायला जाणार असाल, तर तो २४, २५, ३१ डिसेंबर आणि १ जानेवारीला बंद असतो. तिकिटावरची प्रवेशाची वेळ चुकली तर तिकीट गेलं. खालून वर चढायला चांगला अर्धा-पाऊण तास लागतो, बर्फात त्याहून जास्त. ज्या पुलावरून तो प्रसिद्ध फोटो निघतो तो मारीएनब्रुक बर्फ असला की बंद ठेवतात, आम्हालाही बंदच मिळाला. बुटांना खोल नक्षीचा रबरी तळवा हवा. आमचे चामडी तळव्याचे चांगले बूट पहिल्याच दिवशी निकामी ठरले.

बॅग २९ ला आली.

पुढच्या वर्षांची कॅलेंडरं मी मुद्दाम बघून ठेवली आहेत. २०२६ मध्ये २५ शुक्रवारी, २६ शनिवारी आणि लगेच २७ ला रविवार. म्हणजे २४ च्या गुरुवारी दुपारी बंद झालेली दुकानं सोमवारी २८ ला उघडणार. २०२८ मध्ये २४ डिसेंबर पुन्हा रविवारी येतो, आमच्या वेळी आला तसाच. त्या आठवड्यात तिकडे पोचणार असाल तर २३ ला शनिवार आहे, दुकानं संध्याकाळपर्यंत उघडी असतील. ब्रेड, दूध, बटाटे, फळं चार दिवसांची एकदमच घ्या.