कडू शब्दाला उत्तर कसे द्यावे?



खाणीवर, बाजारात, एसटीत किंवा मोबाईलवर कधी तरी कानी पडते, "हे ख्रिस्ती म्हणजे बाटगे!" मन दुखावते, राग येतो. अशा वेळी आपण गप्प बसावे, भांडावे की पोलिसांकडे जावे?

प्रभूचा आदर्श

योहानकृत शुभवर्तमानात (१८:१९-२३) एक शिपाई प्रभू येशूंना चपराक मारतो. प्रभू उलट हात उचलत नाहीत, पण मुकाटही राहत नाहीत. आपले काय चुकले, असे ते त्यालाच विचारतात. अन्याय दाखवून द्यायचा, पण समोरच्याचा अपमान करायचा नाही, हा प्रभूंचा मार्ग आहे.

आपल्या महाराष्ट्रातला दाखला

२०१९ साली वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी एकमताने निवड झाली. ख्रिस्ती धर्मगुरू मराठी संमेलनाचा अध्यक्ष कसा, असा विरोध झाला, धमक्याही आल्या. फादर डगमगले नाहीत. जानेवारी २०२० मध्ये पाठीचे दुखणे असतानाही ते उस्मानाबादला (आजचे धाराशिव) गेले आणि व्यासपीठावरून आपले विचार निर्भयपणे मांडले. 'सुबोध बायबल' आणि हिरव्या वसईसाठी दिलेला लढा हेच त्यांचे खरे उत्तर होते. २०२४ साली ते देवाघरी गेले.

बंदी मागावी का?

२००६ साली 'द दा विंची कोड' या चित्रपटातील प्रभू येशूंविषयीच्या कल्पित कथेने अनेक ख्रिस्ती मने दुखावली. मुंबईत ख्रिस्ती संघटनांनी बंदी मागितली. गोव्यासह काही राज्यांनी बंदी घातलीही, महाराष्ट्रात मात्र चित्रपट दाखवला गेला. ते दुःख खरे होते आणि ते बोलून दाखवण्याचा हक्कही होता. पण मन दुखावले म्हणून तोंड बंद करायची रीत पडली, तर उद्या कोणी आपल्या प्रवचनाने मन दुखावले म्हणेल. संविधानाचे कलम १९ टीकाकाराला बोलू देते, तसेच आपल्यालाही.

मात्र "यांना मारा, यांची घरे जाळा" ही टीका नव्हे, चिथावणी आहे. धर्म, जात, भाषा यांवरून समाजात वैर पसरवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ नुसार गुन्हा आहे. तेथे पोलिसांकडे जाणे हे आपले कर्तव्य आहे. पण कायदा जपूनच वापरावा. २०१२ साली पालघरमध्ये मुंबई बंदविषयीच्या एका साध्या फेसबुक मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली होती. त्या वेळी वापरलेले कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली रद्द केले.

या आठवड्यात आपण

१. रागाच्या भरात उत्तर देणार नाही. आधी प्रार्थना करू, मग बोलू.
२. खोट्याला माहितीने उत्तर देऊ. जमल्यास त्या माणसाला एकट्याला भेटून, नम्रपणे बोलू.
३. द्वेषाचा संदेश पुढे पाठवणार नाही. धमकी असेल तर तो जपून ठेवू आणि वडीलधाऱ्यांना दाखवू.
४. आपल्या घरात दुसऱ्याच्या देवाची, जातीची किंवा बोलीची टिंगल होऊ देणार नाही.

कुटुंबात चर्चेसाठी : ज्याचे बोलणे आपल्याला लागले, त्याच्यासाठी आपण कधी प्रार्थना केली आहे का?

हे प्रभो, आमच्या जिभेला सत्य बोलण्याचे धैर्य आणि प्रेमाने बोलण्याची कृपा दे. आमेन.