परमुलखातला आळ आणि जामीनदार

शास्त्रपाठ : उत्पत्ती ४३:१–१० व ४४:१–३४
सोबत वाचा : नीतिसूत्रे ६:१–५, फिलेमोनाला पत्र



बन्यामीन भावांबरोबर धान्यासाठी मिसर देशात गेला आणि परतीच्या वाटेवर त्याच्या गोणीत तिथल्या अधिपतीचा चांदीचा प्याला सापडला. मुलूख परका, भाषा परकी आणि माथी चोरीचा आळ. प्याला त्याने घेतलेला नव्हता, तो मुद्दाम ठेवलेला होता. यहूदाला हे माहीत नव्हते. पण तो बापापुढे बन्यामिनासाठी जामीन राहिला होता. आदिवासी तरुणांमध्ये काम करताना ही जामीनदाराची जागा आपल्यालाही घ्यावी लागते, म्हणून हा पाठ.

१. बंधपत्रावर सुटका म्हणजे काय?

अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ च्या कलम ४ प्रमाणे, फाशी किंवा जन्मठेपेस पात्र नसलेल्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या माणसाला न्यायालय लगेच शिक्षा न देता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडू शकते. ही मुदत जास्तीत जास्त ३ वर्षांची असते. न्यायालय त्याला परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ठेवू शकते आणि राहण्याच्या जागेबद्दल अटी घालू शकते. ही निर्दोष सुटका नव्हे. शिक्षा टळलेली नसते, थांबलेली असते.

२. दुसऱ्या राज्यात किरकोळ गुन्हा दाखल झाला तर?

समजा, नंदुरबारकडचा एक तरुण पुण्यात बांधकामावर होता. लोखंड चोरल्याच्या खटल्यात पुण्याच्या न्यायालयाने त्याला २ वर्षांच्या बंधपत्रावर सोडले. हंगामात तो टोळीबरोबर बारडोलीकडे ऊसतोडीला गेला आणि पिशवीत दारूची बाटली सापडली म्हणून पकडला गेला. नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत आहे. पण गुजरातमध्ये राज्य झाल्यापासून, म्हणजे १९६० पासून, दारूबंदी आहे. फलाटाच्या एका टोकाला जे चालून जाते, त्यावर दुसऱ्या टोकाला गुन्हा नोंदवला जाऊ शकतो.

अशा वेळी टोळीतले लोक सल्ला देतात, “कबूल कर, दंड भर आणि मोकळा हो.” एरवी हा सल्ला सोयीचा वाटतो. बंधपत्रावर असलेल्या माणसाला मात्र तो महागात पडू शकतो. नुसता आळ म्हणजे दोष नव्हे. पण न्यायालयापुढे दिलेली कबुली म्हणजे दोषसिद्धी, आणि तीच पुण्यात बंधपत्र मोडल्याचा पुरावा ठरू शकते.

कलम ९ प्रमाणे पुण्याचे न्यायालय त्याला आणि त्याच्या जामीनदारांना समन्स काढू शकते, किंवा वॉरंटही. त्याचे म्हणणे ऐकल्यावर अटी मोडल्याची खात्री झाली, तर मूळ चोरीची शिक्षा तिथेच देता येते. पण चूक पहिलीच असेल, तर बंधपत्र चालू ठेवून ५० रुपयांपर्यंत दंड करण्याचीही मुभा त्याच कलमात आहे. तुरुंग आणि ५० रुपये, दोन्ही वाटा कायद्यात आहेत. न्यायाधीशापुढे माणसाची खरी हकिगत कोणी नेऊन मांडली का, यावर पुष्कळ अवलंबून असते.

३. यहूदाने काय केले?

प्याला सापडण्याआधीच भावांनी घाईने मोठी शिक्षा स्वतःच्या तोंडाने बोलून टाकली होती (४४:९). यहूदाचे वागणे निराळे आहे. तो मागे फिरला, अधिकाऱ्याच्या जवळ गेला, घरची सगळी परिस्थिती सांगितली आणि आपण जामीन आहोत हे लपवले नाही.

नीतिसूत्रे आपल्याला उतावळेपणाने जामीन राहू नका असे बजावते, आणि राहिलाच असाल तर झोप न घेता धावपळ करा असेही सांगते. दोन्ही शिकवणी एकाच उताऱ्यात आहेत. सही करण्याआधी विचार करावा. सही केल्यावर स्वस्थ बसू नये.

४. आपण काय करावे?

• सही करण्यापूर्वी बंधपत्रातील प्रत्येक अट त्या तरुणाला त्याच्या बोलीत समजावून सांगा.
• तो कामासाठी बाहेर जाणार असेल, तर आधी परिवीक्षा अधिकाऱ्याला कळवा. अटी बदलण्यासाठी तो अधिकारी कलम ८ खाली न्यायालयाकडे अर्ज करू शकतो.
• अटक झाल्यास वकील भेटेपर्यंत कबुली देऊ नये आणि न वाचलेल्या कागदावर अंगठा उठवू नये. अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला कोणत्याही राज्यात मोफत विधी सेवेचा हक्क आहे. १५१०० या क्रमांकावर मदत मागता येते.
• इकडच्या वकिलाला आणि परिवीक्षा अधिकाऱ्याला आपणहून लगेच कळवा. समन्स येण्याची वाट पाहू नका.
• त्याने खरोखर चूक केली असेल, तर ती झाकू नका. पौलाने अनेसिमाला लपवून ठेवले नाही. पत्र देऊन परत पाठवले आणि त्याचे देणे स्वतःच्या नावावर घेतले.

इब्री लोकांस पत्राच्या ७ व्या अध्यायात प्रभू येशूला चांगल्या कराराचा जामीन म्हटले आहे. ज्यांच्यासाठी स्वतः प्रभू जामीन राहिला, त्या आपण दुसऱ्यासाठी केलेली सही विसरून कसे चालेल?

चर्चेसाठी प्रश्न

१. आळ आला की आपण आधी चौकशी करतो, की निकाल देतो?
२. कामासाठी बाहेर गेलेल्या तरुणांशी आपली मंडळी कसा संपर्क ठेवते?
३. आपल्यापैकी कोणाला जामीन राहता येईल, आणि त्याला मंडळी कशी साथ देईल?

प्रार्थना विषय : बंधपत्रावर सुटलेले तरुण, त्यांचे आईवडील, परिवीक्षा अधिकारी, आणि या हंगामात सीमेपलीकडे ऊसतोडीला गेलेली कुटुंबे.