मांजराचं घमेलं आणि आतली माती

जालना जिल्ह्यातल्या अंबडच्या एक वाचक ताई विचारतात, ‘मांजराच्या मातीची पिशवी आणायला दुकानात गेले आणि किंमत ऐकून तशीच परत आले. वावरातली माती घमेल्यात टाकली तर चालणार नाही का?’

प्रश्न रास्त आहे. आपल्या काळ्या जमिनीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. पाणी लागलं की ते फुगतं, वाळलं की आकसतं. उन्हाळ्यात वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि दोन चांगल्या पावसांत बुजतात, त्या याच्यामुळेच. दुकानातल्या पिशवीवर ‘बेंटोनाइट’ लिहिलेलं असतं, त्यातही मुख्य खनिज हेच. आपल्या देशात बेंटोनाइटच्या खाणी कच्छ आणि बाडमेरकडे आहेत. ताईंच्या वावराचं आणि त्या पिशवीचं नातं असं जवळचं आहे. पण गोळा धरणाऱ्या बेंटोनाइटमध्ये सोडियम जास्त असतं, शिवाय ते वाळवून, दळून, चाळून दाणेदार केलेलं असतं. लघवी पडली की तेवढ्याच जागी घट्ट गोळा होतो. वावरातल्या मातीचा होतो चिखल, तो पंजाला चिकटतो आणि मग गादीवर त्याचे ठसे उमटतात. वर त्या मातीत जंतांची अंडी असण्याची शक्यता वेगळीच.

पूर्वी ही अडचण नव्हती. मांजर परसात जायचं, नाहीतर चुलीची राख उकरायचं. राख अमेरिकेतही वापरत. 1947 साली मिशिगन राज्यात एका शेजारणीनं राखेच्या पायांनी घर काळं होतं म्हणून तक्रार केली, तेव्हा एड लो नावाच्या तिच्या शेजाऱ्यानं तिला मुलतानी मातीच्या जातीची दाणेदार माती दिली आणि त्यातून हा धंदा उभा राहिला. लाकडाची राख ओली झाली की क्षारीय आणि दाहक होते, तेव्हा ती नकोच.

आता माझं मत. मोठ्या मांजरासाठी बारीक दाण्याची, गोळा होणारी, बिनवासाची माती घ्या. गुलाबाचा नि लॅव्हेंडरचा वास माणसाच्या नाकासाठी असतो. मांजराला तो बहुधा नकोसा होतो आणि मग ते सोफ्यामागे जागा शोधतं. पण ही माती सुचवण्याचं माझं खरं कारण वेगळं आहे. गोळे मोजता येतात. धडधाकट मांजराचे दिवसाला साधारण दोन ते चार गोळे निघतात. ते एकदम वाढले किंवा मोठे होऊ लागले तर साखर किंवा मूत्रपिंड तपासायला हवं. आणि गोळाच निघाला नाही, तर घड्याळाकडे बघा.

विशेषतः बोका असेल तर. तो घमेल्यात पुन्हा पुन्हा बसतो, कुंथतो, ओरडतो, खालची जागा चाटत राहतो आणि बाहेर थेंबही येत नाही. घरच्यांना वाटतं पोट साफ होत नाही. मग एरंडेल पाजलं जातं आणि दिवस हातचा जातो. प्रत्यक्षात मूत्रमार्ग तुंबलेला असतो. रक्तात पोटॅशियम साठत जातं, हृदयाचे ठोके बिघडतात आणि एक-दोन दिवसांत बोका दगावू शकतो. रात्र असली तरी ‘सकाळी बघू’ म्हणू नका. पशुवैद्यकाला आधी फोन करून नळी घालण्याची सोय आहे का ते विचारा. नसेल तर सरळ छत्रपती संभाजीनगरची वाट धरा. माणसाची दुखण्याची गोळी मात्र देऊ नका. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे.

नुसत्या कोरड्या खाद्यावर असणारं मांजर पाणी कमीच पितं. लघवी तुंबू नये म्हणून आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याच्या खाण्यात पाणी घाला आणि घरात दोन-तीन ठिकाणी वाट्या ठेवा.

तीन-चार महिन्यांखालच्या पिल्लांना गोळा होणारी माती नको. ती सगळं तोंडात घालून बघतात आणि पोटात गेलेली माती तिथेही फुगते. त्यांच्यासाठी चाळलेली कोरडी वाळू किंवा आरागिरणीवरचा साध्या लाकडाचा भुसा चालेल. प्लायवूडचा भुसा आणू नका, त्यात डिंक-रसायनं असतात. दोन्हीत लघवी तळाला जाते, म्हणून सगळंच वरचेवर बदलावं लागतं.

शिकवण्याचं म्हणाल तर उकरून झाकायची खोड पिल्लाला तीन-चार आठवड्यांपासून आपसूक असते. तुम्ही फक्त जागा दाखवायची. घमेलं मांजराच्या लांबीच्या दीडपट, पिल्लासाठी बुटक्या कडेचं, आत तीन-चार बोटं माती. जागा शांत हवी, जेवणाच्या ताटलीपासून दूर. खाऊन उठलं, झोपून उठलं की उचलून घमेल्यात ठेवा. बाहेर केलं म्हणून त्याचं नाक त्यात घासू नका. त्यातून ते एवढंच शिकतं की तुमच्यासमोर करायचं नाही. मांजरं दोन असतील तर घमेली तीन ठेवा. ऐकायला चैन वाटते, पण एक जण दुसऱ्याची वाट अडवून बसतो हे मी पुष्कळ घरांत पाहिलंय.

आणि वावराची सवय असलेल्या मोठ्या मांजराला घरात वळवायचं असेल, तर ताई, इथे तुमची माती कामाला येते. कडक उन्हात वाळवलेली, चाळलेली काळी माती नव्या मातीवर पातळ पसरा आणि आठ-दहा दिवसांत कमी करत जा. ओळखीचा वास आला की मांजर बुजत नाही.

जुन्या झाऱ्यानं गोळे आणि शी रोज काढा. याला एक आरोग्याचं कारणही आहे. टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी मांजराच्या ताज्या शीतून लागत नाही. बाहेर पडल्यावर साधारण एक ते पाच दिवसांनी तो लागणारा होतो. रोज काढलं तर ती वेळच येत नाही. घरात गरोदर बाई असेल तर घमेल्याचं काम दुसऱ्यानं करावं. दुसरं कुणी नसेल तर हातमोजे घालावेत आणि नंतर साबणानं हात धुवावेत. सासूबाईंनी मांजर बाहेर काढा म्हणून धोशा लावायची गरज नाही. कच्चं राहिलेलं मटण आणि न धुतलेली मेथी यांतूनही तो येतो, त्याकडे लक्ष द्या.

जालन्यात रोज नळ येत नाही, म्हणून रोज घमेलं धुवा असं मी सांगणार नाही. गोळे नीट काढले तर दोन-तीन आठवड्यांनी साबणाच्या पाण्यानं धुऊन उन्हात वाळवलं तरी पुरतं. फिनाईल, डेटॉल वापरू नका. त्यातली काही द्रव्यं मांजराच्या यकृताला पचत नाहीत. काढलेली माती संडासात ओतलीत तर पाइपमध्ये फुगून बसेल, आणि भाजीच्या वाफ्यात तर मुळीच टाकू नका. कागदात बांधून घंटागाडीत द्या.